वाचणाऱ्याचा हिस्सा

त्या देशाचं नाव मले आजही धड बोलता येत नाही. चेको... स्लो... पुढे काय ते आमचे हेच जाणोत. अन् त्या देशापायी माहं माहेर तुटलं. सख्खा भाऊ जिवंत, तिरोड्याजवळ, गाडीत बसलं तर गोंदियाहून डोळा लागायच्या आत पोचावं इतक्या अंतरावर. अन् मी भाऊबीजेले चंद्राले ओवाळत राहिले. सांगा जी, हसाचं का रडाचं?

मागे युनियनचे दोघं म्हातारे घरी आले होते. कॉमरेड चुन्नीलालचा सत्कार कराचा आहे म्हणे, तर वहिनी, त्यायच्या जीवनाची माहिती सांगा. जन्म कधीचा, तुरुंगात कधी गेले, संप कोणते केले. मी म्हटलं, ते यायलेच विचारा, यायले तारखेसकट पाठ आहे. मले विचाराल तर मी घरातलं सांगीन, अन् ते तुमच्या छापील कागदात बसणार नाही. ते हसले, चहा पिले अन् गेले. पण तेव्हापासून ते डोक्यात घोळूनच राहिलं आहे, तर सांगून मोकळी होते.

मी निर्मलाबाई. चुन्नीलाल माहे घरवाले. आम्हा दोघायची उमर गोंदियाच्या बीडी कारखान्यात गेली. त्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे. शेजारच्या पोरीचं लग्न तिथंच झालं. मी पंगतीत बसले, समोर जिलबी वाढली, अन् माह्या नाकात जर्द्याचा वास. एक घास गिळवला नाही.

कारखाना म्हणजे मशीन-बिशीन काही नाही. लांबच लांब कौलारू शेड. एका बाजूनं माणसं, एका बाजूनं आम्ही बाया. मांडीवर सूप, सुपात जर्दा अन् कापलेला तेंदूपत्ता. हात चालत राहतात, कान मात्र रिकामे. म्हणून आमच्या शेडात एक रीत होती. एकानं पेपर वाचाचा, बाकीच्यायनं वळाचं. वाचणारा वळत नाही, मंग त्याचं पोट कसं भराचं? तर दर एकानं आपल्या सुपातल्या थोड्या बीड्या उचलून त्याच्या सुपात टाकाच्या. संध्याकाळी त्याचंही सूप बाकीच्यायच्या बरोबरीनं भरलेलं. याले आम्ही वाचणाऱ्याचा हिस्सा म्हणत होतो. तो कोणी मागत नव्हतं, अन् कोणी चुकवतही नव्हतं.

वाचणारे आमचे हे. काय आवाज होता, बाप्पा! आता दात नाहीत, हवाच जास्त निघते, पण तेव्हा शेडाच्या पार शेवटी बसलेली बहिरी भिवरी बी मान हलवे. गागारिन आभाळात गेला तो यायच्याच तोंडून गेला आमच्यासाठी. क्यूबात काय झालं, व्हिएतनामात कोणतं गाव जळलं, सारं आम्हाले ठाऊक. तिकडच्या गावायची नावं नागपूरच्या मोहल्ल्यायपेक्षा जास्त पाठ होती. घरी पेज पिऊन आम्ही बाया व्हिएतनामसाठी मूठभर तांदूळ बाजूले काढत होतो. ते तांदूळ तिथपर्यंत पोचले का नाही, देव जाणे. पण काढताना असं वाटे की दुनियेत आपलं कोणीतरी आहे. ते खोटं नव्हतं. आजही म्हणते, खोटं नव्हतं.

अन् माहा मोठा भाऊ दुधराम. त्याच्यासारखा हात अख्ख्या गोंदियात नव्हता. बोटं दिसतच नव्हती, एकदम वळलेली बीडीच दिसे. पोवाराच्या, म्हणजे पिढीजात शेतकऱ्याच्या घरचा पोरगा शेती सोडून बीडी वळाले गेला म्हणून बिरादरी नाक मुरडे, त्याले त्याची पर्वा नव्हती. यायच्या बाजूलेच बसे तो. यायच्या सुपात सगळ्यात जास्त बीड्या त्याच्याच पडत. यायनं एखादी बातमी जोरात वाचली, तर खूश होऊन आणखी एक मूठ टाके.

माहं लग्न त्यानंच जमवलं. माय म्हणाली, पोराजवळ ना शेत ना घर, काय पाहून पोरगी द्याची? तर दादा म्हणाला, "माय, मी रोज त्याले वाचताना ऐकतो. एवढ्या लोकायसमोर जो खरं वाचते, तो घरात खोटं बोलणार नाही." बस. आवाजावर पोरगी देली माह्या भावानं. हे लक्षात ठेवा, पुढची सारी गोठ यातूनच आहे.

मंग रशियाचं अन् चीनचं वाजलं. कोण चूक, कोण बरोबर, आम्हा बायायले काही समजलं नाही. एवढं दिसलं की पार्टी फुटली. ऑफिसात टेबल एकच होतं, ते एका गटानं नेलं, खुर्च्या दुसऱ्यानं. आमचे हे रशियाकडचे झाले, दादा चीनकडचा. अहो, दोघायपैकी एकानंही ना रशिया पाहिला ना चीन. नागपूरच्या पुढे गाडी गेली नव्हती यायची. पण घरी आले की तोंडं अशी, जशी काही मॉस्कोची अन् पेकिंगची वाटणी माह्याच आंगणात होऊन राहिली आहे. तरी शेडात दोघं बाजूबाजूलेच बसत. पेपर एकच होता ना.

पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोठ. बाहेर पाऊस, शेडात पत्त्याचा ओला वास. हे पेपर वाचून राहिले होते. मी समोरच होते. यायची नजर एका ठिकाणी अडकली, जरा थांबले, अन् मंग पान उलटून पावसाची बातमी वाचाले लागले. मले काही वाटलं नाही. पण दादाचे हात थांबले.

"मागचं वाच," दादा म्हणाला.

"मागचं वाचलं."

"नाही वाचलं. रशियाचे रणगाडे त्या देशात घुसले, ते आहे तिथं. मी काल रेडिओवर ऐकलं. वाच."

"ते भांडवलदारायच्या पेपरचं खोटं आहे," हे म्हणाले. "मजुराच्या कानात मी खोटं घालणार नाही."

"खोटं का खरं ते ऐकणारे ठरवतील. तुहं काम वाचाचं."

"मी नाही वाचत."

साऱ्या शेडाचे हात थांबले. मालकाचा मुनीम आला तरी असे थांबत नव्हते. दादा उठला. यायच्या सुपापाशी वाकला अन् त्या दिवशी टाकलेल्या आपल्या बीड्या परत उचलल्या. सगळ्यायच्या समोर, एक-एक वेचून. कारण आपल्या हाताची बीडी तो बरोबर ओळखे. मंग आपलं सूप उचललं अन् शेडाच्या दुसऱ्या टोकाले जाऊन बसला.

तुम्हाले वाटेल, यात काय एवढं? तर ऐका. त्या शेडात मारामाऱ्या झाल्या, शिवीगाळ झाली, एकानं दुसऱ्याची बायको पळवली. पण वाचणाऱ्याच्या सुपातला हिस्सा कोणी परत घेतला नव्हता. ते म्हणजे भरल्या पंगतीतून माणसाले हाताले धरून उठवणं. आमच्या यायचा चेहरा पांढरा पडला. हे त्या दिवशी पुढे वाचलेच नाहीत. संध्याकाळी घरी आले, जेवले नाही, भिंतीकडे तोंड करून बसले.

त्या साली मी भाऊबीजेले ताट घेऊन माहेरी गेले. पाट मांडला, दिवा लावला. दादा पाटावर बसेचना.

"त्याले म्हण, शेडात सगळ्यायसमोर उभा राहून आत्मटीका कर. मंग तुह्या हातचं ओवाळून घेतो."

आत्मटीका! हा पार्टीतला शब्द. आपण चुकलो असं सगळ्यायसमोर उभं राहून कबूल कराचं, त्याले म्हणतात. मी घरी येऊन यायले सांगितलं, तर हे म्हणतात, "आधी त्यानं करावी. हिस्सा परत घेणं हे फुटीरपण आहे." अगा, साळ्या-जावयाच्या भांडणात आत्मटीका काय, फुटीरपण काय! साध्या माणसायचं वाजलं असतं तर एखाद्या लग्नात एकमेकाले पान देलं असतं अन् मिटलं असतं. पण या दोघायले शिकवण पडली होती की चूक झाली तर ठरावासारखी मांडावी. अन् ठराव आधी कोणी मांडाचा, याच्यात उमर गेली.

माहं बी चुकलं म्हणा, का नाही म्हणा. त्या दिवशी दादानं ओवाळू देलं नाही, तर मी पेटलेला दिवा ताटात घेऊन आंगणात आले. आभाळात बिजेची कोर होती. ज्या बाईले भाऊ नसते ती चंद्राले ओवाळते. मी तिथंच उभी राहिले, दादाच्या दारात, अन् चंद्राले ओवाळलं. दादा पाहून राहिला होता. मी म्हटलं, "आता माहा भाऊ हाच." अन् निघून आले. त्याचीच बहीण आहे मी, माहं रक्त का थंड राहते?

तेव्हापासून दर साल भाऊबीजेले चंद्र. ढग असले तर ढगाले.

पुढे दादानं शेड सोडलं अन् गावी शेतीवर गेला. बाकी दुनिया चालूच होती. सायगॉन पडलं, व्हिएतनाम जिंकलं, तेव्हा यायनं पेढे आणले, अन् तिकडे दादानं आपल्या गावात मिरवणूक काढली म्हणे. ज्या बातमीची दोघायनं एकाच शेडात बसून वाट पाहिली, ती आली तेव्हा एक इकडे नाचून राहिला, एक तिकडे. मंग काही सालांनी त्याच व्हिएतनामवर चीननं फौज घातली. आमचे हे सकाळपासून आंगणात चकरा मारून राहिले, चेहऱ्यावर हसू. "आता दुधरामले म्हणा, वाच म्हणा आता!" मी म्हटलं, "तिथं माणसं मरून राहिली, अन् तुम्हाले हसू येऊन राहिलं?" तेव्हा कुठं खाली बसले.

अन् मॉस्कोवरचा लाल बावटा उतरला, तो थंडीचा दिवस. टीव्हीवर दाखवलं. हे रडले नाही. उठून आपल्या ऑफिसचं कुलूप उघडलं, झाडलं, पुसलं, अन् परत आले. संध्याकाळी मी पाणी टाकाले बाहेर आले, तर गल्लीच्या तोंडाशी दादा उभा. डोक्याले मफलर, हातात सायकल. इतक्या सालांनी. मी यायले सांगितलं, दादा आला आहे. हे खिडकीतून पाहून म्हणाले, "मजा पाहाले आला असेल." अन् खिडकी लावून घेतली.

मजा पाहाले कोणी थंडीत तिरोड्याहून सायकल हाणत येते का जी? मी बाहेर धावले, तोपर्यंत तो गेला होता. तो राग माहा आजही गेला नाही. यायच्या पंच्याहत्तरीचा केक कापताना बी मनात तोच होता.

मंग शेडं बंद पडली. बीडी घरोघरी वळाले गेली, मंग तीही गेली. कोणी राइस मिलमध्ये, कोणी नागपूरले. युनियनच्या ऑफिसात आता हे अन् एक मांजर. मोर्च्यात 'लाल सलाम' म्हटलं की नवी पोरं इकडे-तिकडे पाहतात, कोणी ऐकलं तर नाही? जंगलातले लाल वेगळे, आमचे वेगळे, हे कोणी कोणाले समजावाचं? हे समजावतात. पोलिसाले बी समजावतात. मी थकले ऐकून, हे सांगून थकले नाहीत. का थकले असतील, पण सांगाले दुसरं काही नाही यायच्याजवळ.

यंदा दिवाळीच्या तोंडावर फोन आला. दादाची सून भूमेश्वरी. "आत्याबाई, बाबा काही खाऊन नाही राहिले. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. डोळ्यानं दिसत नाही. दिवसभर नुसती बोटं चालवतात, चादरीचे धागे ओढतात. तुम्ही येऊन जा."

मी फोन ठेवला अन् यायच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "दादा चालला. या भाऊबीजेले मी त्यालेच ओवाळणार आहे, चंद्राले नाही. अन् तुम्ही संग येणार आहा. तुम्ही आले नाही तर तो ओवाळून घेणार नाही, मले माहीत आहे."

हे चष्मा पुसाले लागले. "माही ना नाही. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यानं आधी..."

"आधी काय? तो पुढचा श्वास घेते का नाही, याचा भरोसा नाही, अन् तुम्ही आधी-नंतर करता?"

"तू भावनेनं बोलून राहिली."

"मंग कशानं बोलू?"

हे परत चष्मा पुसाले लागले. तेव्हा मी यायचंच शस्त्र काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली नाही, चहा केला नाही. पेटीतला युनियनचा लाल बावटा काढला, ओट्यावरच्या खांबाले बांधला अन् खाली बसून राहिले. येणारा-जाणारा विचारे, "काकूबाई, काय झालं?" मी सांगे, "संप आहे." हे दारात येऊन उभे. लाज वाटून राहिली, अन् बावटा काढाले हात होत नाही. यायनं जिंदगीत संपवाल्याचा बावटा काढला नाही, बायकोचा कसा काढतील?

दुपारपर्यंत कसेबसे तगले. मंग बाजूले येऊन बसले. "मागणी काय आहे?"

"एकच. चला."

"विनाअट?"

"विनाअट."

"तिथं त्यानं वाद काढला तर?"

"तर ऐकून घ्या. पेपर वाचणाऱ्याले ऐकता बी आलं पायजे."

हे उठून आत गेले. मंग स्वतःच्या हातानं चहा ठेवला. साखर विसरले, पण मी पिला.

भाऊबीजेच्या दिवशी निघालो, तर यायच्या खांद्याले भली मोठी पिशवी. आत काय? तर पुस्तकं, पत्रकं, कोण कधी काय म्हणालं त्याचे पुरावे. मरणाऱ्या माणसाशी वाद घालाले तयारी करून निघाले होते! मी पिशवी काढून घेतली अन् हातात ओवाळणीचं ताट देलं, वरून रुमाल बांधून. म्हटलं, "हे सांडलं नाही पायजे." गाडीत दोन्ही हातानं ताट धरून बसले होते शहाण्यासारखे. स्टेशनावर सवयीनं पेपर घेतला होता, तेवढा बगलेत.

तिरोड्यापासून पुढे ऑटो केला. रस्त्यानं धान कापणं चालू होतं. दूर बिजलीघराच्या चिमण्या. हे ताट सांभाळून राहिले. माह्या डोक्यात एकच. जातो अन् तिथं पुन्हा चेको-स्लो सुरू झालं तर?

दादा छपरीत बाजेवर होता. एवढासा झालेला. डोळे उघडे, पण दिसत नव्हतं. अन् छातीवर हात, बोटं चालून राहिली. भूमेश्वरी म्हणाली, पाहा, हे असं दिवसभर. तिनं कधी शेड पाहिलं नाही, तिले काय समजणार. मी पाहिलं अन् मले रडू फुटलं. पत्ता घेतला, जर्दा भरला, वळला, टोक दाबलं, धागा गुंडाळला. पुन्हा पत्ता. माहा भाऊ बीडी वळून राहिला होता.

"दादा, मी निम्मी."

बोटं थांबली. "आज बीज होय का?"

"हो."

"संग कोण आहे?"

मी यायच्याकडे पाहिलं. हे उंबरठ्यातच, ताट धरून. खाकरले. तेवढंच.

"चुन्नीलाल," दादा म्हणाला.

"हो."

झालं. बाहेर कोंबड्या दाणे टिपून राहिल्या. मी यायच्या हातातलं ताट घेतलं अन् स्टूल पुढे सरकवला. हे बसले. सारी उमर एकमेकाले काय म्हणाचं याची तयारी केली, अन् तोंडातून निघालं काय, तर "जेवण चालते का?" अन् "नाही चालत."

मंग दादा म्हणाला, "पेपर आणला का?"

"आणला."

"वाच."

यायनं पेपर उघडला. वाचाले लागले. धानाच्या बोनसचं वाचलं. नवेगावकडे वाघानं गाय मारली ते वाचलं. आवाज फाटलेला, श्वास पुरत नव्हता, तरी शब्द एक-एक तोडून, शेडात वाचत तसं. दादाची बोटं परत चालाले लागली. हे आतलं पान उलटून दुनियेच्या बातम्यायवर आले. पहिली वाचाले तोंड उघडलं, अन् अडकले.

मी मागून वाकून पाहिलं. रशियाच्या लढाईची बातमी होती. कोणत्या तरी गावावर रात्री मारा केला, घरं पडली, माणसं मेली.

दादाची बोटं थांबली होती. "काऊन थांबला?"

यायनं पान डोळ्याजवळ धरलं.

"गाळून राहिला का?"

सारं तेच. तीच जागा, तेच दोघं. आता हे उठतील अन् चालले जातील, असं वाटलं. पण यायनं चष्मा नीट केला अन् ती बातमी वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. कोणती फौज, कोणतं गाव, मेले किती, सारं. मंग पेपर मांडीवर ठेवला, डोळे मिटले, अन् पुढे वाचतच राहिले. कागद न पाहता.

"प्राग. रशियाच्या अन् त्याच्या मित्रदेशांच्या फौजा रणगाड्यांसह चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. राजधानीतले लोक रस्त्यावर उतरले आहेत. तरुण मुलं रणगाड्यांसमोर उभी राहून सैनिकांना विचारत आहेत, तुम्ही इथं का आलात..."

ती बातमी. पोळ्याच्या आदल्या दिवशीची. यायले पाठ होती. म्हणजे इतकी सालं हे मनातल्या मनात ती वाचतच होते, अन् मी एका खाटेच्या अंतरावर झोपत होते, मले पत्ता नाही. काय माणूस आहे हा! मले यायचा राग आला, अन् दया आली, अन् कोणतं आधी आलं ते सांगता येत नाही.

बातमी संपली. हे म्हणाले, "हे खरं होतं, दुधराम. मले त्या दिवशी बी माहीत होतं."

"मंग काऊन गाळलं?"

"वाटलं, शेडातल्या लोकायचा धीर सुटेल." थांबले. मंग हळू म्हणाले, "त्यायचा कशाचा सुटते. माहाच सुटून राहिला होता."

दादाची बोटं चालाले लागली. पत्ता, जर्दा, वळण, धागा. एक पुरी केली, चिमटीत धरली अन् हात हवेत लांब केला. "सूप कुठं आहे त्याचं?"

यायले समजलंच नाही. मले समजलं. मी धावत आत गेले. भूमेश्वरीचं सूप तांदूळ पाखडून भिंतीले टेकवलेलं होतं, ते आणून यायच्या मांडीवर ठेवलं. दादाचा हात धरून सुपापर्यंत नेला. त्यानं चिमूट सोडली. सुपात काही पडलं नाही, एक चादरीचा धागा पडला फक्त.

"घे," दादा म्हणाला. "तुहा हिस्सा."

हे सुपात पाहत राहिले. मॉस्कोचा बावटा उतरला तेव्हा न रडलेला माणूस, त्याचे खांदे गदगदा हलून राहिले.

जरा वेळानं दादाच म्हणाला, "चीनचं उद्या वाच. ते मी बी लय गाळलं."

मी दिवा लावला. दादाले उठवून बसवता येत नव्हतं, तर भूमेश्वरीनं मान उचलून धरली. मी कुंकू लावलं. छपरीच्या समोर आभाळात बिजेची कोर निघालेली होती. मी तिच्याकडे पाठ केली अन् माह्या भावाले ओवाळलं.

रात्री तिथंच राहिलो. सकाळी पेपर येण्याच्या आधीच दादा गेला. हे पेपर आणाले रस्त्यापर्यंत गेले होते. परत आले तर आंगणात माणसं जमलेली. यायनं पेपर उघडलाच नाही. घडी तशीच दादाच्या उशाशी ठेवली. चीनचं राहून गेलं.

दोन्ही पार्ट्यायचे चार-पाच म्हातारे आले होते, दोन बावटे घेऊन. दादाच्या अंगावर कोणता घालाचा यावर जरा कुजबुज झाली. मी म्हटलं, दोन्ही घाला, तो काही म्हणणार नाही आता. अन् कोणी आत्मटीका मागू नका.

तर ही यायच्या जीवनाची माहिती. सत्काराच्या कागदात छापता येत असेल तर छापा. रशिया गेला, चीनचं चीनले माहीत, अन् मधल्या मधे माह्या कितीक भाऊबीजा गेल्या, त्या कोणाजवळ मागू? हे चांगले माणूस आहेत, दादाही चांगला होता. दुनिया चांगली कराले निघाले होते दोघं. बाजूले बसलेल्या माणसाशी मात्र बोलाले जमलं नाही.

आता हे रोज सकाळी ओट्यावर बसून मले पेपर वाचून दाखवतात. काही गाळत नाहीत. लढाई, पडलेली घरं, मेलेली लेकरं, सारं वाचतात, शेवटच्या शब्दापर्यंत. मीच भाजी निवडता निवडता म्हणते, "राहू द्या जी. आज तेवढं गाळा."